तक्रारदार कोंबडीची बदली

भांडण मिटवावं तर ते मीच! हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. आमच्या ऑफिसात तक्रार निवारण कक्षाचा प्रमुख म्हणून मी अकरा वर्षं काढली आणि वार्षिक अहवालात 'प्रलंबित तक्रारी' या रकान्यात दर वर्षी शून्य लिहिलं. शून्य! आमचे साहेब तो रकाना बघतात, मान डोलावतात आणि पान उलटतात. एवढा मान आमच्याकडे दुसऱ्या कोणाला मिळत नाही.

माझी पद्धत अगदी सोपी आहे. तक्रार करणाऱ्याला उचलायचं आणि दुसरीकडे नेऊन ठेवायचं. तक्रारदारच जागेवर नाही म्हटल्यावर तक्रार राहील कुठे? ज्याच्याविरुद्ध तक्रार असते त्याला हलवणं अवघड जातं. तो बहुधा आपल्यापेक्षा वरचा असतो, नाहीतर निदान आवाजानं तरी मोठा असतो. तक्रारदार बिचारा हलका. एका कागदावर हलतो.

आता आठ महिन्यांपूर्वीचंच घ्या. आमच्या टायपिस्ट बाईंनी हेडक्लार्कविरुद्ध अर्ज दिला. हेडक्लार्क स्वतःच्या फायली त्यांच्या टेबलावर टाकून चहाला जातो, वर चारचौघांत त्यांच्यावरच खेकसतो, त्यांची खिडकीजवळची खुर्चीही त्यानं ओढून घेतली, असं बरंच काही त्यात होतं. सगळं खरं होतं. मी बाईंना बोलावलं, बसवलं, पाणी दिलं आणि म्हणालो, "बाई, तुमच्या मनःशांतीसाठी तुम्हाला तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये पाठवतोय. तिथे तुम्हाला त्रास द्यायला चिटपाखरूही नाही!"

"सर, तिथे धूळ आहे. मला दमा आहे."

"पण हेडक्लार्क नाही ना?"

बाई उठल्या आणि तळघराच्या पायऱ्या उतरल्या. त्यानंतर परत वर येण्यासाठी त्यांनी तीन अर्ज दिले. ते माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. अर्ज म्हणजे विनंती, आणि विनंती म्हणजे तक्रार नव्हे. त्यामुळे शून्य ते शून्यच!

तर अशा माझ्यासारख्याच्या घरी, माझ्या नाकासमोर, पाच कोंबड्यांनी मारामारी करावी?

कोंबड्या बायकोच्या. ती घरी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिचं मशीन, मागच्या अंगणात तिचं खुराडं आणि मधे जी जागा उरते तिथे मी. पाचांत सगळ्यात थोराड कोंबडी म्हणजे फौजदारीण. दाणे टाकले की आधी ती खाणार. मग तिची चमची. मग दोघी जुळ्या. आणि उरलंच तर पिटुकली. उरायचं नाही! पिटुकली भांड्याकडे नुसती बघायला आली तरी फौजदारीण तिच्या पाठीत चोच हाणायची. ते बघून चमची हाणायची. मग जुळ्या हाणायच्या, आपण मागे पडायला नको म्हणून. महिनाभरात पिटुकलीच्या पाठीवर एक पीस शिल्लक राहिलं नाही.

एका सकाळी बायको तिला कुशीत घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. डोळे भरले होते. बायकोचे. पिटुकलीचे मिटलेले होते.

"अहो, हिच्या पाठीतून रक्त येतंय. काल कण खाल्ला नाही हिनं. अशानं आठवडाभर टिकायची नाही ही!"

"लेखी तक्रार आहे का?"

"थट्टा पुरे! अंड्यातून बाहेर आली ती माझ्या हातावर. उठता-बसता ऑफिसातल्या फुशारक्या सांगता ना? हे एवढं एक भांडण मिटवून दाखवा."

"हात्तिच्या! अगं, बळी तो कान पिळी, ही जगाची रीतच आहे. हिची बदली करू."

"कुठे?"

"अडगळीच्या खोलीत."

बायकोनं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं. पण तिच्याकडे बँकेच्या मॅनेजर बाईंचा पांढरा रेशमी झगा शिवायला आला होता आणि तिला मान वर करायला फुरसत नव्हती. मी एक टोपली घेतली, जुनं पोतं अंथरलं, दाणे ठेवले, पाणी ठेवलं आणि पिटुकलीला तिथे रुजू केलं. आठ दिवसांत तिची जखम सुकली. खाऊन खाऊन ती टोपलीत मावेना! अंगणातही शांतता. मी मनातल्या मनात रकान्यात शून्य मांडलं.

फक्त एक झालं. पिटुकलीला एकटीला करमेना. दिवसभर दाराशी उभी राहून ती असा काही गळा काढायची की शेजारच्यांनी दोनदा विचारलं, घरात कोण आजारी आहे का?

"आता सोडा हिला परत," बायको म्हणाली. "पण सांभाळून हं!"

"सांभाळून म्हणजे? संपूर्ण संरक्षणात सोडतो!"

आणि मी माझी युक्ती बाहेर काढली. आमच्या ऑफिसात अतिमहत्त्वाच्या फायलीला तांबडी फीत बांधतात. अशी फीत बांधलेल्या फायलीला मग वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही, हा माझा अनुभव आहे. तेव्हा तसलीच एक फीत मी पिटुकलीच्या पायाला बांधली. चांगला फुलासारखा फास काढला, हातभर टोक मोकळं सोडलं आणि तिला अंगणाच्या मध्यभागी ठेवून बाजूला झालो.

फौजदारीण मान तिरकी करून बघत राहिली. आठ दिवसांत ती पिटुकलीला साफ विसरली होती! आता तिच्यासमोर उभी होती ती एक परकी, गुबगुबीत, आयतं खाऊन माजलेली कोंबडी, आणि वर पायात तांबडी फीत!

पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण पिसंच फार उडत होती. चौघी एकदम तुटून पडल्या. पिटुकली सुटली ती स्वयंपाकघराच्या दारातून आत. मागे फीत, फितीमागे चमची, तिच्यामागे जुळ्या, त्यांच्यामागे फौजदारीण आणि सगळ्यात शेवटी मी.

पुढच्या खोलीत मॅनेजर बाई आरशासमोर उभ्या होत्या. अंगात अर्धा शिवलेला पांढरा झगा, त्याला चहूकडून टाचण्या. पिटुकलीला जगात एकच आसरा दिसला. ती झग्यात शिरली!

"हलू नका!" बायको ओरडली. "टाचण्या आहेत!"

"खाली काय आहे?" मॅनेजर बाई किंचाळल्या.

"कोंबडी आहे!"

"एकच ना?"

"एक... दोन... थांबा, तिसरीही आत गेली!"

मॅनेजर बाईंना हलताही येईना आणि थांबताही येईना. फौजदारीण मशीनवर चढून आरडाओरडा करत होती. मी मोठ्या धीरानं गुडघ्यावर बसलो आणि झग्याच्या घेराखाली हात घातला. त्यावर मॅनेजर बाईंनी माझ्या डोक्यात जे काही घातलं ती बायकोची लाकडी पट्टी होती, असं मला नंतर कळलं. गडबडीत फौजदारीण मशीनवरून त्यांच्या खांद्यावर उतरली आणि रेशमी बाहीवर आपला अभिप्राय सोडून खिडकीतून निघून गेली.

मॅनेजर बाई पाय आपटत निघून गेल्या. बायको पिटुकलीच्या पायातली फीत कात्रीनं कापत होती. पिटुकलीची पाठ पुन्हा सोलवटली होती, यावेळी मानही. आगीतून उठून फुफाट्यात पडली होती बिचारी.

"झगा मी पुन्हा शिवेन," बायको हळू आवाजात म्हणाली. ती ओरडते तेव्हा मी घाबरत नाही. हळू बोलते तेव्हा घाबरतो. "पण ही गेली तर मी तुम्हाला विसरू देणार नाही. नीट होती ती आधी. म्हणजे नीट नव्हती. पण त्यांच्यातली तरी होती."

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून गप्प बसलो असतो तर मी कक्षप्रमुख कसला? दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, आता दराराच बसवायचा. अंगणात फौजदारीण जर सगळ्यांच्या वर असेल, तर फौजदारणीच्या वर मी असलं पाहिजे. मी पायात चपला अडकवल्या, खुराड्याच्या दारात जाऊन दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि तिच्या डोळ्यांत डोळे घालून उभा राहिलो.

"खबरदार!" मी म्हणालो.

फौजदारणीनं सावकाश एक पाऊल पुढे टाकलं आणि माझ्या घोट्यात चोच मारली. रक्त आलं. मी ओरडून एक पाय वर घेतला. तेवढ्यात चमचीनं दुसरा घोटा टिपला. मग जुळ्या आल्या. आणि मग... कोपऱ्यात बायकोच्या मांडीवरून एक अर्धी उघडी, लंगडणारी, मरायला टेकलेली कोंबडी खाली उतरली, हळूहळू चालत माझ्यापाशी आली, जरा विचार केला आणि तिनंही एक चोच मारली. पिटुकलीनं! जिच्यासाठी मी एवढा जीव टाकला होता तिनं!

"अगं, बघ ही कशी उलटली!"

"उलटली कसली! बिचारीला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या खालचं कोणी मिळालं," बायको म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदाच हसू दिसलं. ते माझ्या खर्चानं होतं, पण दिसलं.

मी लंगडतच ऑफिसात गेलो.

"काय हो, कोणी मारलं?" हेडक्लार्कनं लांबूनच आरोळी ठोकली.

"कोंबडीनं."

खरं बोलू नये ते यासाठी! दुपारपर्यंत मला बघून अकाउंट सेक्शनमधली सगळी मंडळी पंख फडफडवून दाखवू लागली. एकट्या शिपायाला दया आली. चहा ठेवता ठेवता तो म्हणाला, "साहेब, रेकॉर्डच्या बाईंना का विचारत नाही? त्यांच्या माहेरी कोंबड्याच कोंबड्या होत्या."

आठ महिन्यांत मी तळघराच्या पायऱ्या उतरलो नव्हतो. उतरलो तर समोर फायलींचे ढीग, वर एक मिणमिणता बल्ब आणि मधे नाकातोंडाला ओढणी बांधून बसलेल्या बाई. मला बघून त्या उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे एकदम चमकले.

"माझ्या अर्जाचं झालं का सर?"

"ते विचाराधीन आहे," मी म्हणालो. "मी कोंबडीसाठी आलोय."

बाई पुन्हा बसल्या. खोकल्या. मी सगळी हकीकत सांगितली. टोपली, फीत, झगा, घोटा.

"जिला मारतात तिला बाहेर कशाला काढलंत?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तिच्या सुरक्षेसाठी."

"हं. मलाही तसंच सांगितलं होतंत."

बाईंच्या बोलण्यात काहीतरी खोच असावी असं मला वाटलं. पण घोटा इतका ठणकत होता, की मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"असं बघा सर," त्या म्हणाल्या, "मार खाणारीला वेगळं केलं की तिची होती नव्हती ती जागाही जाते. परत येते ती परकी होऊन. मारणारीला काढायचं. चार दिवस. ती नसताना बाकीच्या आपापली जागा लावून घेतात. मग ती परत आली की तिलाच नव्यानं जमवून घ्यावं लागतं. आणि ती तांबडी फीत आधी फेका! तांबडं दिसलं की कोंबडी टोचणारच. जखमेवर जांभळं औषध लावा, म्हणजे रक्त दिसत नाही. दाणेही एका जागी नका टाकू. तीन ठिकाणी टाका, एका ठिकाणाहून दुसरं दिसणार नाही असे."

"वा! एवढं सोपं?"

"सोपंच असतं," बाई म्हणाल्या. "मारणारीला उचलायचा धीर लागतो, एवढंच."

मी घरी गेलो आणि शब्दन् शब्द तसाच केला. फौजदारणीला पकडताना मनगटही कामी आलं, पण ती गेली एकदाची अडगळीच्या खोलीत. पहिल्या दिवशी चमची सैरभैर झाली. कोणाला चमचेगिरी करायची तेच तिला कळेना! दुसऱ्या दिवशी पिटुकली अंगणातल्या विहिरीच्या कठड्यामागे टाकलेले दाणे एकटी टिपत होती. तिसऱ्या दिवशी तिनं एका जुळीला हूल दिली आणि ती जुळी चक्क बाजूला सरकली. चार दिवसांनी फौजदारीण अंगणात आली तेव्हा चौघींनी मिळून तिला असं काही निरखलं, की ती थेट भिंतीशी जाऊन उभी राहिली. बायको पायरीवर बसून हे बघत होती. पिटुकली तिच्या पायाशी येऊन बसली, आणि बायकोनं चक्क माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर असे प्रसंग मोजकेच आले आहेत.

एवढ्यावर थांबलो असतो तर! पण यश पचवणं हे येरागबाळ्याचं काम नाही, आणि मी येरागबाळाच निघालो.

सोमवारच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, "ऑफिसातलं वातावरण सुधारण्यासाठी कोणाला काही सुचतंय का?" आणि मी उचलली जीभ, लावली टाळ्याला! फौजदारणीची गोष्ट मी अशी काही रंगवून सांगितली, की साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. हेडक्लार्क मात्र हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरत होता. मला फार गोड वाटलं.

"उत्तम!" साहेब म्हणाले. "याची टिपणी करून आणा. तत्त्व एका ओळीत लिहा."

मी लिहिलं : 'त्रास देणाऱ्यास हलवावे, त्रास सोसणाऱ्यास हलवू नये.'

आणि इथे मी एक गोष्ट अगदी चांगल्या मनानं केली, तुम्ही विश्वास ठेवा अथवा ठेवू नका. त्या पिटुकलीकडे बघताना मला दोन-तीनदा तळघरातला खोकला ऐकू आला होता. बाईंना वर आणायचं मी ठरवलं. ड्रॉवरमधून त्यांचे तिन्ही अर्ज काढले, धूळ झटकली आणि टिपणीला जोडून दिले. हेडक्लार्कची आता धडगत नाही, या आनंदात मी साहेबांपुढे उभा राहिलो.

साहेबांनी टिपणी वाचली. मग पहिला अर्ज वाचला. मग दुसरा. तिसऱ्यावर त्यांनी चष्मा काढला.

"या बाईंना तळघरात कोणी पाठवलं?"

"म्हणजे साहेब, मूळ त्रास हेडक्लार्कचा..."

"पाठवलं कोणी?"

"मी."

"दमा आहे म्हणून त्यांनी सांगितलं होतं?"

"हो... ओझरतं."

"आणि हे तीन अर्ज आठ महिने कोणाकडे होते?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तिथून काही मदत आली नाही.

"तुमचं तत्त्व मला पटलं," साहेब म्हणाले. "आजपासून अमलात आणू. बाई उद्यापासून वर. रेकॉर्ड रूम तुमच्याकडे."

"पण साहेब, हेडक्लार्कचं काय?"

"त्यांच्याविरुद्ध एखादी तक्रार प्रलंबित आहे का?" साहेबांनी माझाच वार्षिक अहवाल उघडला, रकान्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे वळवला. "शून्य!"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! बदलीचा आदेश हेडक्लार्कनं टाइप केला. त्याच्या नोकरीतला हा पहिला कागद, जो त्यानं स्वतः टाइप केला आणि ज्यात एकही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तळघरात पोचलो तेव्हा बाई पिशवी भरून तयार होत्या. तोंडावरची ओढणी त्यांनी सोडली होती. मी पहिल्यांदाच त्यांना पूर्ण हसताना बघितलं.

"तिसरं कपाट उघडू नका सर, अंगावर येतं. नळाला अकरापर्यंतच पाणी असतं. आणि नाकाला काहीतरी बांधत चला."

"वर हेडक्लार्क आहे हं अजून," मी जरा जपूनच आठवण दिली.

"असू दे. सकाळीच त्यांना सांगून आले, माझी खिडकीजवळची खुर्ची रिकामी करून ठेवा. केली त्यांनी. आता मी अर्ज दिला की समोरचा माणूस तळघरात जातो, हे त्यांनी कालच बघितलंय ना!"

"बाई," मी विचारलं, "फौजदारीण चार दिवसांत सुटली होती. माझं कसं?"

बाईंनी पिशवी उचलली, पायरीवर पाय ठेवला आणि वळून बघितलं.

"चार दिवस कोंबड्यांना पुरतात सर. माणसांचं मला सांगता यायचं नाही."

घरी मी अजून खरं सांगितलेलं नाही. बढती मिळाली आणि स्वतंत्र कार्यभार आला, एवढंच सांगितलं. तुम्हीही कुठे बोलू नका! पहिल्याच संध्याकाळी बायकोनं विचारलं, अंगावर एवढी धूळ कुठली? तेव्हा पटकन सुचलं ते बोलून गेलो, की येता येता मागच्या अंगणात जाऊन खुराडं झाडलं. तिला इतका आनंद झाला, की आता रोज संध्याकाळी मला खुराडंही झाडावं लागतं!